मिनिटं नव्हे, लंगोट मोजा

चौथ्या दिवशी दुपारी बाळाचा डायपर बदलताना विटकरी रंगाचा डाग दिसला. रुपयाएवढा, कडेला किंचित गुलाबी. मी फोटो काढून पुण्याला मोठ्या नणंदेला पाठवला. "अगं, मुलींना होतं असं. काळजी करू नकोस," दोन मिनिटांत उत्तर आलं. ती अगदीच चुकत नव्हती. आईच्या संप्रेरकांमुळे नवजात मुलींना पहिल्या आठवड्यात थोडं रक्त जाऊ शकतं. पण हा डाग रक्ताचा नव्हता. घट्ट होत चाललेल्या लघवीतले ते क्षार होते. पोर उपाशी असल्याची लेखी तक्रारच माझ्या हातात होती, आणि मी ती गुंडाळून कचऱ्याच्या डब्यात टाकली.

आमचं घर शारजातल्या अल नहदा भागात. रस्ता ओलांडला की दुबई लागते. नवरा दुबईत नोकरीला, मी इथेच एका ऑफिसात हिशेब बघते. बाळंतपणासाठी आईचं तिकीट जुलैअखेरचं काढलं होतं, पण लेक ३७ आठवड्यांतच आली. वजन २ किलो ९०० ग्रॅम. सगळं ठीक म्हणून दुसऱ्या दिवशी आम्हाला घरी सोडलं आणि दोन दिवसांत वजनाला आणायला सांगितलं.

घरी आल्यापासून ती अंगावर प्यायलाच तयार नव्हती. जवळ घेतलं की धनुष्यासारखी मागे ताणायची, मुठी आवळायची, लालबुंद व्हायची. रडून दमली की तशीच झोपायची, कधी सलग पाच तास. "बरं झालं, झोपली," असं म्हणून आम्हीही आडवे व्हायचो. सासूबाई व्हिडिओ कॉलवरून सांगायच्या, "डोकं मागून धर आणि दाबून लाव, आपोआप ओढेल." आई सांगायची, "पंधरा मिनिटं ह्या अंगाला, पंधरा त्या." मी वही केली होती. डावं १५, उजवं १२. त्या मिनिटांत ती नुसतीच तोंड टेकवून पडलेली असायची. गिळते आहे का, हे एकदाही पाहिलं नाही. वही मात्र व्यवस्थित भरत होती.

वजनाला न्यायचा दिवस आला, तर बाहेर ४४ अंश. "एवढ्याशा जिवाला कशाला उन्हात न्यायचं, उद्या जाऊ," असं मीच म्हटलं. दुसऱ्या दिवशी काटा २ किलो ५८० वर थांबला. पहिल्या काही दिवसांत बाळाचं वजन थोडं उतरतंच, पण दहा टक्क्यांकडे गेलं की डॉक्टर सावध होतात. आमचं ११ टक्के उतरलं होतं. कावीळही वाढली होती. लगेच दाखल करून घेतलं.

ती पाचवीची रात्र होती. आमच्याकडे त्या रात्री पाटावर कोरा कागद आणि लेखणी ठेवतात, सटवाई येऊन बाळाचं नशीब लिहिते म्हणतात. आमची लेक निळ्या दिव्यांखाली नुसत्या डायपरवर पडली होती. डोळ्यांवर पट्टी, कपाळ तेवढं उघडं. काचेपलीकडून ते कपाळ बघत मी रात्र काढली. हिला दूध न पिणंच पाचवीला पुजलंय की काय, हा एकच विचार डोक्यात घोळत होता.

आधी पोट, मग शिकवणी

सकाळी स्तनपान समुपदेशक आली. केरळची, पन्नाशीची. सगळे तिला चेची, म्हणजे ताई, म्हणत होते, मीही म्हणू लागले. बाळाला वरचं दूध द्यायचं ठरलं होतं आणि मी रडत होते. ती म्हणाली, "उपाशी बाळाला काहीही शिकवता येत नाही. आधी पोट भरू दे." मग तिने बोटांवर मोजून दाखवलं. पहिलं, बाळाचं पोट भरणं, कसंही. दुसरं, तुझं दूध चालू ठेवणं. तिसरं, तुझी कूस ही तिला भांडणाची जागा वाटू न देणं. "हा क्रम उलटा करू नकोस." मी तो उलटाच धरला होता. अंगावरच प्यायला हवं, या हट्टापायी पहिल्या दोन्ही गोष्टी सुटल्या होत्या.

मग तिने कारणं सांगितली. ३७ आठवड्यांची बाळं पूर्ण दिवसांची दिसतात, पण त्यांची ओढ कमी असते आणि झोप फार. कावीळ चढली की आणखी सुस्ती येते. सुस्तीने पीत नाहीत, प्यायली नाहीत की शी कमी होते, आणि शीवाटे जाणारी कावीळ अंगातच राहते. त्यात चौथ्या दिवशी माझं दूध भरून आलं होतं. छाती इतकी टणक झाली होती, की फुगलेल्या चेंडूला तोंड लावावं तसं तिचं तोंड निसटत होतं. ती रडायची, मी डोकं दाबायची. बाळाचं डोकं मागून दाबलं की ते उलट मागे रेटतं, ही उपजत प्रतिक्रिया असते. मला वाटत होतं, पोर मला नाकारते आहे. ती फक्त माझ्या हाताला विरोध करत होती.

उपाय सोपे होते. जवळ घेण्याआधी हाताने थोडं दूध काढायचं, म्हणजे पुढचा भाग मऊ पडतो. डाव्या अंगाला पाजायचं तर बाळ उजव्या हातावर घ्यायचं. तळवा खांद्यांमागे, अंगठा आणि बोटं कानांखाली मानेच्या दोन्ही बाजूंना, डोकं मोकळं. डाव्या हाताने स्तन खालून धरून, वडापाव तोंडात जावा म्हणून आपण दाबतो तसा, बाळाच्या ओठांना समांतर किंचित दाबायचा. नाक स्तनाग्रासमोर. मोठा आ केला की बाळाला छातीकडे आणायचं, छाती बाळाकडे न्यायची नाही. हनुवटी आधी टेकली पाहिजे, आणि फक्त स्तनाग्र नव्हे, भोवतालचा काळा भागही, खालच्या बाजूचा जास्त, तोंडात गेला पाहिजे. हेच तंत्र मुंबई आयआयटीच्या स्पोकन ट्युटोरियल प्रकल्पात डॉ. रूपल दलाल यांच्या मार्गदर्शनाखाली झालेल्या चित्रफितींत मराठीतूनही आहे. परक्या गावात मध्यरात्री आपल्या भाषेतलं ते सांगणं मी कितीदा तरी ऐकलं.

बोंडलं आणि खसखस

तीन दिवसांनी घरी आलो. आता बाळ जवळ असो वा नसो, दर तीन तासांनी पंपाने दूध काढायचं, दिवसातून आठ वेळा, त्यात एकदा रात्री नक्की. पहिल्या खेपेला दोन्ही बाजू मिळून १५ मिली निघालं. मुंबईच्या मैत्रिणीने विचारलं, तिकडे दुधाची पेढी नाही का? शीव रुग्णालयात डॉ. आर्मिडा फर्नांडिस यांनी १९८९ मध्ये आशियातली पहिली मातृदुग्ध पेढी सुरू केली, त्यामुळे मुंबईकराला तो पर्याय लगेच सुचतो. इस्लामी रीतीत मात्र दुसऱ्या बाईचं दूध प्यायलेलं मूल तिचं दूधमूल होतं, आणि दूधभावंडांचा विवाह निषिद्ध असतो. त्यामुळे अनोळखी बायांचं दूध एकत्र करणारी पेढी त्या रीतीत बसत नाही. म्हणून माझं निघेल तेवढं, आणि कमी पडेल तेवढं डॉक्टरांनी लिहून दिलेलं डब्याचं. तो डबा म्हणजे माझा पराभव नव्हता. ती हाताशी घेतलेली कुबडी होती.

अकराव्या दिवशी आई आली. निघताना तिला बजावलं होतं, डिंकाच्या लाडवांत खसखस घालू नकोस. आपल्या डब्यातली साधी खसखस या देशात अमली पदार्थांत मोडते, आणि ती सापडल्याने माणसं तुरुंगात गेली आहेत. इकडे येणाऱ्या प्रत्येक आईला, सासूला हे फोनवरच सांगा. आईने लाडू बिनखसखशीचे आणले, हळीव आणले आणि रुमालात गुंडाळलेलं चांदीचं बोंडलं आणलं. मी त्यातूनच प्यायले होते. तपासणीला गेलो तेव्हा चेचीने ते हातात घेऊन उलटंसुलटं बघितलं आणि ती खूश झाली. बाटलीची सहज धार बाळाला आवडली की ओढायचा कंटाळा येतो. बोंडल्याने, वाटीने, चमच्याने ती सवय लागत नाही. प्रत्येक वेळी उकळून घ्यायचं, बाळाला ताठ बसतं धरायचं आणि दूध ओतायचं नाही, ओठाला लावून तिला चाटू-पिऊ द्यायचं. बाळगुटी आणि मधाचं बोट मात्र चेचीने सरळ बाजूला काढलं. सहा महिने आईच्या किंवा डब्याच्या दुधाशिवाय काही नाही, आणि मध तर वर्षभर नाहीच. आई दोन दिवस गप्प होती.

बाकी वेळ लेक नुसत्या डायपरवर माझ्या उघड्या छातीवर, वरून पातळ दुलई, एसी २६ वर. पाजायचा विषय नाही. एकोणिसाव्या दिवशी पहाटेची अजान चालू असताना, अर्धवट झोपेत तिने डोकं दोनदा आपटलं, सरकली आणि स्वतःच तोंड लावलं. गिळण्याचा बारीक आवाज मी पहिल्यांदा ऐकला. मग पुढचे दोन दिवस पुन्हा नाही. असं करत सहाव्या आठवड्यात बोंडलं सुटलं.

त्या दिवसांत हिरकणी सारखी आठवायची. आपल्याकडे एसटी स्थानकांवरच्या स्तनपानाच्या खोल्यांनाही तिचंच नाव आहे. बाळाच्या ओढीने रायगडाचा कडा उतरलेल्या त्या गवळणीची गोष्ट ऐकत आपण मोठ्या होतो, आणि दूध पाजता आलं नाही की आपणच कमी पडलो असं वाटतं. पण तिचं बाळ खाली भुकेने वाट बघत होतं. तोंड फिरवणाऱ्या बाळाच्या आईने काय करावं, हे त्या गोष्टीत नाही.

तुमच्यासाठी

पिण्याची मिनिटं मोजू नका, लंगोट मोजा. पहिल्या दिवशी एक ओला, दुसऱ्या दिवशी दोन, असं वाढत पाचव्या दिवसापासून रोज सहा तरी. आजचे डायपर इतकं शोषतात की ओला कोरडा कळत नाही. आईने जुन्या सुती साडीचे लंगोट फाडले तेव्हा खरं कळलं. शी काळी, मग हिरवट, पाचव्या दिवसापर्यंत पिवळी व्हायला हवी. तिसऱ्या-चौथ्या दिवसानंतर विटकरी डाग दिसला तर फोटो नातेवाइकांना नको, डॉक्टरांना दाखवा.

दिवसरात्रीत आठ ते बारा वेळा पाजा. पहिल्या आठवड्यांत बाळ तीन तासांहून जास्त झोपलं तर उठवा. बोटं चोखणं, मान वळवून शोधणं ही भुकेची खूण. रडणं म्हणजे उशीर झाला. उठवूनही जागं होत नसेल, पिवळेपणा पायांपर्यंत उतरला असेल, सहा-आठ तासांत लघवी नसेल, ताप ३८ अंशांवर गेला असेल, तर ऊन, सुट्टी, उद्या हे शब्द विसरा. जीभ खाली चिकटलेली आहे का, तेही तपासून घ्या. तुम्हाला ताप येऊन छातीवर लाल, दुखरा पट्टा उठला किंवा मन सतत काळवंडलेलं राहिलं, तर स्वतःसाठीही डॉक्टर गाठा.

काढलेलं दूध बाहेर चार तास, फ्रिजमध्ये चार दिवस टिकतं. हा हिशेब एसीतल्या खोलीचा आहे, उन्हात उभ्या गाडीचा नाही.

इथल्या कायद्याने खासगी नोकरीत आईला ६० दिवसांची रजा आहे, ४५ पूर्ण पगारी आणि १५ अर्ध्या. कामावर परतल्यावर बाळ सहा महिन्यांचं होईपर्यंत रोज तासभर पाजण्याची सवलत मिळते. पंप करायला ती मागून घ्या. बापाला पाच दिवस मिळतात. आमचे त्यातले तीन कागदपत्रांच्या रांगेत गेले. बाळाच्या व्हिसाला १२० दिवसांची मुदत असते, पहिला आठवडा घरीच घालवा. शारजाला २०१५ मध्ये जागतिक आरोग्य संघटना आणि युनिसेफने शिशुस्नेही शहर म्हणून गौरवलं. त्याचा उपयोग आहे, मदत करणारी माणसं भेटतात. पण ती आपण होऊन दार वाजवत नाहीत. पहिल्याच दिवशी विचारा, स्तनपान समुपदेशक कोण आहे?

गेल्या महिन्यात वरच्या मजल्यावरची नाशिकची मुलगी बाळंत झाली. रात्री साडेअकराला तिचा फोन आला, "ताई, तोंडच लावत नाहीये. किती मिनिटं प्रयत्न करू?"

मी विचारलं, "सकाळपासून लंगोट किती ओले झाले?"

पलीकडे शांतता. मग तिने नवऱ्याला हाक मारली, आणि दोघं मोजायला लागले. दोनच्या पुढे जाईनात, तेव्हा मी चप्पल घालून वर गेले आणि नवऱ्याने खाली गाडी काढली.