बॅटरीची रसायने आणि सागरी प्रवासातील ओल

हैदराबादेतील गौलीगुडा येथे पत्र्याच्या भव्य हँगरमध्ये असलेले बसस्थानक जुन्या पिढीतील प्रवाशांना आठवत असेल. १९३० च्या सुमारास उभारलेली ती लोखंडी वास्तू ५ जुलै २०१८ रोजी कोसळली. पत्र्याच्या छपराखाली राहिलेल्या प्रत्येकास एक अनुभव परिचित असतो. पावसाळी रात्र थंडावली की पत्र्याच्या आतल्या अंगास थेंब धरतात आणि पहाटे ते खाली ठिबकू लागतात. छप्पर गळत नसते. खोलीतील हवेत असलेली वाफच पाणी होऊन खाली येते. जहाजावरील कंटेनर हीदेखील अशीच एक पत्र्याची बंद खोली होय.

हा साधा अनुभव आज एका वाढत्या उद्योगाच्या सुरक्षिततेशी निगडित झाला आहे. लिथियम-आयन बॅटरी १९९१ मध्ये जपानमध्ये प्रथम बाजारात आली. आता ती मोबाइलपासून विजेवरील रिक्षापर्यंत सर्वत्र आढळते. हैदराबादनजीक बाळापूर येथील केंद्र शासनाच्या चूर्ण-धातुविज्ञान संशोधन केंद्रात या बॅटरीच्या पदार्थांवर संशोधन चालते. महबूबनगर जिल्ह्यातील दिवितिपल्ली येथे मे २०२३ मध्ये बॅटरी कारखान्याची पायाभरणी झाली. या उद्योगास लागणाऱ्या रसायनांचा मोठा भाग परदेशांतून, विशेषतः चीनमधून, जहाजाने येतो. हैदराबादला समुद्र नाही. बंदरात उतरलेला कंटेनर पुढे रस्त्याने, अथवा रेल्वेने सनतनगर येथील कंटेनर आगारापर्यंत आणावा लागतो. इतक्या प्रवासात मालास ओल लागू न देणे, हे मोठे दक्षतेचे काम आहे.

ओल लागल्यास काय होते?

बॅटरीतील द्रवात लिथियम हेक्साफ्लुओरोफॉस्फेट नावाचे क्षार विरघळविलेले असते. पाण्याशी संयोग होताच त्याचे विघटन होऊन हायड्रोजन फ्लोराइड हा अत्यंत दाहक व विषारी वायू निर्माण होतो. रसायनशास्त्राच्या हिशेबाने १८ ग्रॅम पाण्यापासून ४० ग्रॅम हायड्रोजन फ्लोराइड तयार होऊ शकतो. म्हणूनच या द्रवात साधारणतः दहा लाख भागांत २० भागांहून अधिक पाणी चालत नाही. एक टन द्रवास हे प्रमाण जेमतेम चार चहाचे चमचे इतकेच पडते.

निकेलचे प्रमाण अधिक असलेली धनाग्राची पूड ओलसर हवेत ठेवल्यास तिच्या पृष्ठभागावर लिथियमचे हायड्रॉक्साइड व कार्बोनेट जमते आणि बॅटरीची गुणवत्ता घसरते. लिथियम धातू तर पाण्याशी संयोग पावून ज्वालाग्राही हायड्रोजन वायू सोडतो. आंतरराष्ट्रीय सागरी नियमावलीत त्याचा समावेश ४.३ या वर्गात असून त्याची खूण निळ्या रंगाची असते.

कंटेनरमध्ये पाणी कोठून येते?

ते पावसाचेच असते असे नाही. ३० अंश सेल्सिअस तापमानाच्या पूर्ण दमट हवेत प्रत्येक घनमीटरमागे सुमारे ३० ग्रॅम वाफ असते. १० अंशांवर ती केवळ ९ ग्रॅमच्या आसपास राहू शकते. वीस फुटी कंटेनरमधील सुमारे ३३ घनमीटर हवा इतकी थंड झाली, तर जवळजवळ ७०० ग्रॅम पाणी पत्र्यावर जमते. परंतु याहून मोठा साठा लाकडात असतो. ओलसर लाकडाच्या २० किलो वजनाच्या दहा चौकटी मालाखाली ठेवल्या, तर त्यांत ३० किलोहून अधिक पाणी असू शकते. उन्हात ते वाफ होते आणि रात्री थेंब होऊन मालावर पडते. दरवाजा कितीही घट्ट असला, तरी आत घेतलेल्या पाण्यास तो अडवू शकत नाही.

संरक्षणाचे तीन वेढे

पहिला वेढा पात्राचा. द्रवासाठी कोरड्या आर्गॉन वा नायट्रोजनच्या दाबाखाली बंद केलेले पोलादी पात्र वापरावे. क्षार व पूड यांसाठी ॲल्युमिनियमचा थर असलेली, उष्णतेने सांधलेली पिशवी घ्यावी. केवळ प्लॅस्टिकमधून वाफ हळूहळू आत शिरते.

दुसरा वेढा पिंपाचा. पिशवी व पिंप यांमध्ये सिलिका जेलच्या पुड्या आणि आर्द्रतेनुसार रंग बदलणारी खूणपट्टी ठेवावी.

तिसरा वेढा कंटेनरचा. लाकूड पूर्ण वाळलेले असावे, छपरास छिद्र नसावे आणि पावसात माल भरू नये. कॅल्शियम क्लोराइडच्या ओलशोषक पिशव्या टांगाव्यात. हे द्रव्य ओल शोषून पातळ होते. म्हणून न गळणाऱ्याच पिशव्या घ्याव्यात.

उघडताना दक्षता

सर्वाधिक धोका प्रवासाच्या अखेरीस असतो. थंड प्रदेशातून आलेले पिंप दमट हवेत उघडल्यास त्यावर व त्याच्या आत दव धरते. म्हणून ते बंद स्थितीतच एक दिवस-रात्र गोदामात ठेवून तेथील तापमानास येऊ द्यावे आणि नंतर कोरड्या खोलीत उघडावे. तपासणीसाठी नमुना हवा असल्यास आगाराच्या उघड्या प्रांगणात पात्र फोडू नये. कोरड्या वायूच्या पेटीत जाणकाराकडून नमुना काढवून घ्यावा.

पिंप फुगलेले, गंजलेले वा उग्र वासाचे आढळल्यास हमालांनी त्यास हात लावू नये. सांडलेल्या रसायनावर पाणी ओतू नये. मात्र ते अंगावर उडाल्यास कपडे तत्काळ काढून त्वचा भरपूर वाहत्या पाण्याने धुवावी. या दोन सूचनांची गल्लत होऊ देऊ नये. हायड्रोफ्लोरिक आम्लाची वेदना कधी कधी उशिरा जाणवते आणि ते आम्ल शरीरातील कॅल्शियम घटविते. म्हणून वेदना नसली तरी रुग्णालय गाठावे आणि डॉक्टरांना रसायनाचे नाव सांगावे. अशा गोदामात कॅल्शियम ग्लुकोनेटचे मलम सदैव हाताशी असावे.

शिक्षकांसाठी

बर्फाचे पाणी भरलेला स्टीलचा पेला वर्गात ठेवावा. पेला गळत नसतानाही त्याच्या बाहेरच्या अंगास पाणी कोठून आले, हे विद्यार्थ्यांना विचारावे. कंटेनरचा सारा प्रश्न त्या पेल्यात दिसेल.

हा माल उतरविणारे कामगार आपल्याच गावांतील असतात. पिंपावरील खूण कशासाठी आहे हे त्यांना त्यांच्या भाषेत समजावून सांगणे, हे आयातदार, अधिकारी व शिक्षक या सर्वांचे कर्तव्य आहे. पुडी, पिशवी व पिंप मालाचे रक्षण करतील. माणसाचे रक्षण मात्र वेळीच मिळालेली माहितीच करील.