विजेची मोटारगाडी व पेट्रोलची मोटारगाडी : देखभालीच्या खर्चाचा हिशेब

(इयत्ता सातवी : सामान्य विज्ञान व अंकगणित यांचा संयुक्त पाठ)

विजेवर चालणारी वाहने आता शहरांपुरती राहिलेली नाहीत. हिरव्या पाटीवर क्रमांक लिहिलेली गाडी विजेची असते, हे २०१८ सालापासूनच्या नियमामुळे मुलांनाही ओळखता येते. दिनांक १ जून २०२२ रोजी राज्य परिवहन महामंडळाची ‘शिवाई’ ही विजेवरील बस पुणे व अहमदनगर (आताचे अहिल्यानगर) यांच्या दरम्यान धावू लागली. १९४८ साली एस. टी.ची पहिली बस याच मार्गावर व याच तारखेस धावली होती.

नवे वाहन गावात आले की त्याविषयीचे बोलणेही मागोमाग येते. कोणी म्हणतो, “विजेच्या गाडीला खर्चच नाही.” कोणी म्हणतो, “बॅटरी गेली की गाडी भंगारात.” ही दोन्ही विधाने अर्धवट आहेत. गाडी बहुधा कर्ज काढून घेतली जाते, आणि अर्धवट माहितीवर घेतलेल्या गाडीचाही हप्ता पुरताच भरावा लागतो. यास्तव या विषयाचा विचार मुलांनी शाळेत हिशेबाने करावा, हे इष्ट आहे.

१. पाठाचा हेतू

पाठ संपल्यावर विद्यार्थ्यांस पुढील तीन गोष्टी सांगता याव्यात : (अ) विजेच्या गाडीस नित्याची देखभाल कमी का लागते, (आ) तिचा मोठा पण क्वचित येणारा खर्च कोणता, (इ) हे दोन्ही खर्च एकत्र मांडून तुलना कशी करावी. कोणती गाडी चांगली, याचा निकाल शिक्षकांनी देऊ नये. निकाल कसा काढावा, एवढेच शिकवावे.

२. ज्ञाताकडून अज्ञाताकडे

या पाठाची सुरुवात विहिरीपासून करावी. पुष्कळ गावांतून वडीलधाऱ्या मंडळींनी विहिरीवर ऑइल इंजिन चालविलेले असते. त्याची हकिकत मुलांनी घरी विचारून आणावी. हँडल मारून ते सुरू करावे लागे. त्यात डिझेल घालावे लागे, वंगणाचे तेल पाहावे व बदलावे लागे. पट्टा सैल होई, गाळणी तुंबे, धुराची नळी काजळीने भरे. पुढे वीज आली व विजेची मोटर बसली. बटण दाबले की पाणी सुरू. तेल नाही, गाळणी नाही, धूर नाही. परंतु मोटर जळाली म्हणजे मात्र ती काढून तालुक्याला न्यावी लागते व वाइंडिंग पुन्हा भरून घेण्याचा मोठा खर्च एकदम अंगावर येतो.

म्हणजे एका यंत्राचा खर्च थोडा थोडा पण सतत होतो, तर दुसऱ्याचा एरवी नाममात्र होऊन क्वचित मोठा होतो. हा भेद मुलांच्या मनात ठसला की मोटारगाड्यांकडे वळावे.

३. दोन गाड्यांची अंगे

पेट्रोलच्या इंजिनात इंधनाचे लहान लहान स्फोट होऊन दट्ट्या खालीवर सरकतो. नेहमीच्या चार फेरांच्या इंजिनाचा आस मिनिटास ३,००० फेरे घेत असता प्रत्येक नळकांड्यात सेकंदास २५ स्फोट होतात. या उष्णतेमुळे व घर्षणामुळे देखभालीची कामे निर्माण होतात. वंगणाचे तेल काळे पडून निकामी होते. ते सामान्यतः दहा हजार किलोमीटरनंतर किंवा वर्षाने, यांपैकी जे आधी घडेल तेव्हा, बदलावे लागते. त्याबरोबर तेलाची गाळणी, हवेची गाळणी, ठराविक अंतराने स्पार्क प्लग, तसेच पट्टे, क्लचप्लेट, रेडिएटरचे पाणी, सायलेन्सर, अशी ही यादी मोठी आहे.

विजेच्या गाडीत स्फोट नाहीत. तिच्या मोटरीत मुख्यतः एकच भाग फिरतो व तो बेअरिंगवर टेकलेला असतो. गिअर बदलण्याची बहुधा गरज नसल्याने क्लच नसतो. धूर नसल्याने सायलेन्सर नसतो. वर दिलेल्या यादीतील बहुतेक कामे त्यामुळे आपोआप गळतात.

ब्रेकच्या बाबतीतही फरक आहे. सायकलच्या चाकाला डायनामो टेकविला की सायकल जड चालते, हा अनुभव मुलांस असल्यास त्याचा येथे उपयोग करावा. विजेच्या गाडीत चालकाने वेग कमी करताच मोटर डायनामोप्रमाणे काम करू लागते. गाडीचा वेग मंदावतो व निर्माण झालेली वीज बॅटरीत परत जाते. यामुळे ब्रेकच्या पट्ट्या कमी झिजतात.

तथापि विजेच्या गाडीस देखभाल लागतच नाही, असा समज होऊ देऊ नये. टायर, वायपर, सस्पेन्शन, ब्रेकचे द्रव, दिवे व हॉर्न यांसाठी असणारी लहान बॅटरी, वातानुकूलन यंत्राची गाळणी या गोष्टी दोन्ही गाड्यांत सारख्याच पाहाव्या लागतात. मुख्य बॅटरीचेच वजन काही शे किलोग्रॅम असल्याने गाडी जड होते, व जड गाडीचे टायर लवकर झिजण्याचा संभव असतो. ज्या गाड्यांत बॅटरी थंड ठेवण्यासाठी द्रव खेळविलेला असतो, त्यांत त्या द्रवाचीही तपासणी करावी लागते.

४. फळ्यावरील हिशेब

अमेरिकेच्या ऊर्जा खात्याने २०२१ साली ठराविक वेळी करावयाच्या देखभालीचा दर मैलास येणारा खर्च प्रसिद्ध केला. पेट्रोलच्या गाडीस तो १०.१ सेंट व विजेच्या गाडीस ६.१ सेंट होता. १०० सेंट म्हणजे एक डॉलर, हे प्रथम सांगून पुढील उदाहरण घ्यावे.

एका मैलास फरक : १०.१ – ६.१ = ४ सेंट.
एक लाख मैलांस पेट्रोलच्या गाडीचा खर्च : १०,१०० डॉलर.
एक लाख मैलांस विजेच्या गाडीचा खर्च : ६,१०० डॉलर.
बचत : ४,००० डॉलर, म्हणजे शेकडा सुमारे ४०.

यानंतर दुसरा आकडा सांगावा. अमेरिकेतील ‘कन्झ्युमर रिपोर्ट्स’ या ग्राहकसंस्थेने २०२० साली गाडीमालकांकडून देखभाल व दुरुस्ती यांचा प्रत्यक्ष खर्च विचारून घेतला. गाडीच्या संपूर्ण आयुष्यात तो दर मैलास पेट्रोलच्या गाडीस ६.१ सेंट व विजेच्या गाडीस ३.१ सेंट निघाला.

येथे मुलांस थांबवून एक प्रश्न विचारावा. ६.१ हा आकडा दोन्ही ठिकाणी आला आहे. पहिल्या ठिकाणी तो विजेच्या गाडीचा आहे, दुसऱ्या ठिकाणी पेट्रोलच्या. मग खरे कोणते? उत्तर असे की, दोन्ही मोजण्या वेगळ्या आहेत. एकीत ठरलेल्या वेळापत्रकाप्रमाणे करावयाच्या कामांचा हिशेब आहे, तर दुसरीत मालकांनी प्रत्यक्ष केलेल्या खर्चाचा. दोहोंतही विजेची गाडी स्वस्त ठरते, हा समान निष्कर्ष घ्यावा. परंतु एका मोजणीतील आकडा दुसरीतील आकड्याशी ताडून पाहू नये. आकडा कशाचा आहे हे विचारल्यावाचून तो स्वीकारू नये, ही सवय मुलांस या उदाहरणाने लावता येईल.

हे आकडे अमेरिकेतील मजुरीवर आधारलेले आहेत, हेही स्पष्ट करावे. आपल्याकडील गॅरेजात मजुरी कमी पडते. त्यामुळे डॉलरांचे रुपये करून हा फरक येथे जशाचा तसा लावता येणार नाही.

५. बॅटरीचा प्रश्न

विहिरीवरील मोटरीचे वाइंडिंग, तशी या गाडीची बॅटरी. भारतात २००१ साली बंगळुरू येथे ‘रेवा’ ही विजेची छोटी गाडी विक्रीस आली. तिच्यात शिशाच्या बॅटऱ्या होत्या. अशा बॅटऱ्या काही वर्षांतच थकतात, हे ट्रॅक्टरच्या बॅटरीवरून शेतकऱ्यांस माहीत असते. आजच्या गाड्यांत लिथियम-आयन बॅटरी असते. तिचे आयुष्य पुष्कळ अधिक असते. या बॅटरीच्या शोधाबद्दल जॉन गुडइनफ, स्टॅन्ली व्हिटिंगहॅम व अकिरा योशिनो या तिघा शास्त्रज्ञांस २०१९ सालचे रसायनशास्त्राचे नोबेल पारितोषिक मिळाले.

ही बॅटरी एकाएकी मरत नाही. तिची क्षमता हळूहळू घटते. उष्णतेने ही घट वाढते. अमेरिकेतील अॅरिझोना या अतिउष्ण राज्यात ‘लीफ’ या गाडीच्या मालकांनी २०१२ साली अशाच तक्रारी केल्या होत्या. त्या गाडीत बॅटरी थंड ठेवण्यासाठी द्रवाची योजना नव्हती. पुढे उत्पादकाने क्षमतेविषयीही हमी दिली. विदर्भ व मराठवाडा येथील उन्हाळा लक्षात घेता, गाडी सावलीत उभी करणे हीदेखील येथे देखभालच होय.

पुणे जिल्ह्यातील रांजणगाव येथे तयार होणारी ‘नेक्सॉन’ ही विजेची गाडी जानेवारी २०२० मध्ये बाजारात आली, तेव्हा तिची बॅटरी ३०.२ किलोवॅट-तासांची, म्हणजे घरच्या मीटरवरील ३०.२ युनिटांची होती. बॅटरीची हमी ८ वर्षे किंवा १,६०,००० किलोमीटर अशी होती. १,६०,००० किलोमीटर म्हणजे सुमारे एक लाख मैल. वरील हिशेब एक लाख मैलांचा घेण्याचे कारण हेच.

आता हिशेब पुरा करावा. ब्लूमबर्गच्या ऊर्जा-संशोधन विभागाच्या पाहणीप्रमाणे बॅटरीची जागतिक सरासरी किंमत २०१० साली दर युनिटास हजार डॉलरांहून अधिक होती. २०२४ साली ती ११५ डॉलरांवर आली. अमेरिकेतील गाडीची बॅटरी ६० युनिटांची धरल्यास ६० × ११५ = ६,९०० डॉलर. ही कारखानदारास पडणारी किंमत आहे. मालकास ती याहून अधिक पडेल.

देखभालीतील बचत ४,००० डॉलर, बॅटरी किमान ६,९०० डॉलर. म्हणजे मालकाला लाख मैलांच्या आत स्वतःच्या पैशाने बॅटरी घ्यावी लागली, तर देखभालीतील सर्व बचत जाऊन वर २,९०० डॉलरांची तूट येते. पण त्याच मुदतीत बॅटरी हमीखाली असेल व हमीच्या अटींप्रमाणे बदलून मिळेल, तर बचत हाती राहते. तेव्हा विजेच्या गाडीच्या देखभालीचा प्रश्न शेवटी एका प्रश्नावर येऊन ठेपतो : हमी संपल्यानंतर बॅटरी किती काळ टिकेल, आणि त्या वेळी गाडी कोणाच्या ताब्यात असेल?

६. गावाच्या दृष्टीने महत्त्वाचे

खेड्यातील कुटुंब पुष्कळदा वापरलेली गाडी विकत घेते. पहिल्या मालकाने नित्याच्या देखभालीतील बचत उपभोगलेली असते, आणि बॅटरीचा खर्च दुसऱ्या मालकाच्या वाट्यास येण्याचा संभव असतो. पेट्रोलची जुनी गाडी घेताना जाणता मेकॅनिक इंजिनाचा आवाज ऐकतो, धुराचा रंग पाहतो. विजेच्या गाडीत आवाजही नाही व धूरही नाही. तेथे पुढील चार प्रश्न विचारावे लागतात, व ते मुलांनी वहीत ठळक लिहून घ्यावेत :

(१) बॅटरीची हमी किती वर्षे व किती किलोमीटर उरली आहे?
(२) ती हमी नव्या मालकास मिळते काय? तसे लेखी आहे काय?
(३) बॅटरीची आजची क्षमता मूळच्या शेकडा किती आहे? अधिकृत केंद्राचा तपासणी अहवाल आहे काय?
(४) दुरुस्तीचे केंद्र गावापासून किती अंतरावर आहे?

वर्गात गॅरेजवाल्यांची मुलेही असतील. पेट्रोल गेले की बापाचा धंदा गेला, अशी धास्ती त्यांनी घेऊ नये म्हणून टायर, ब्रेक, सस्पेन्शन व वातानुकूलन यांची कामे राहणारच आहेत, हे आवर्जून सांगावे. औद्योगिक प्रशिक्षण संस्थांच्या अभ्यासक्रमांत विजेच्या वाहनांच्या मेकॅनिकचा स्वतंत्र व्यवसायही समाविष्ट झाला आहे, हीही माहिती द्यावी.

७. सावधगिरी

प्रत्यक्ष गाडी दाखविता आल्यास अवश्य दाखवावी; परंतु कोणतेही झाकण उघडू नये. नारिंगी रंगाच्या जाड तारांत शेकडो व्होल्टचा दाब असतो. त्यांस हात लावणे प्राणघातक ठरू शकते. अपघातग्रस्त गाडीजवळ तर मुलांनी मुळीच जाऊ नये.

आणखी एक गल्लत टाळावी. इंधन किंवा वीज, विमा, कर्जाचे व्याज हे खर्च देखभालीत मिसळू नयेत. त्यांची रकाने वेगळी ठेवावीत व शेवटी बेरीज एकत्र करावी.

८. स्वाध्याय

(१) गावातील एखाद्या मोटारसायकलीच्या, ट्रॅक्टरच्या किंवा मोटारगाडीच्या मालकाकडून गेल्या वर्षाच्या देखभालीची बिले, त्याच्या संमतीने, पाहून घ्या. ‘नित्याचा खर्च’ व ‘एकदम आलेला खर्च’ असे दोन रकाने करून दर किलोमीटरचा खर्च काढा.

(२) त्या बिलांतील कोणती कामे विजेच्या वाहनात करावी लागणार नाहीत? त्यांवर खूण करून उरलेली बेरीज करा.

(३) बॅटरी ३० युनिटांची व दर युनिटास ११५ डॉलर धरल्यास तिची किंमत किती? ४,००० डॉलरांच्या बचतीतून ती भागते काय?

(४) घरी एखादे वाहन घेण्याचा विचार चालू असल्यास वरील चार प्रश्न वडीलधाऱ्यांस वाचून दाखवा व त्यांचे म्हणणे लिहून आणा.

चौथ्या प्रश्नाची उत्तरे शिक्षकांनी वर्गात मोठ्याने वाचू नयेत. घरातील कर्जाची व पैशाची गोष्ट त्या घरापुरती राहावी. मात्र एखाद्या मुलाने आणलेल्या कागदावरून त्या घरी चुकीचा व्यवहार होऊ घातला आहे असे दिसल्यास, पालकांस भेटून दोन शब्द सांगणे हेही शिक्षकाचेच काम आहे.