धातू आणि जीवनसत्त्व : औषधविचारातील दोन शब्द

विज्ञानविषयक मराठी लेखनात काही शब्द आपल्या पूर्वार्थाचे ओझे घेऊनच प्रवेश करतात. ‘धातू’ हा त्यांपैकीच एक. व्याकरणात तो क्रियापदाचे मूळ दर्शवितो, आयुर्वेदात शरीर धारण करणाऱ्या सात घटकांना ते नाव आहे, तर रसायनशास्त्रात लोह, ताम्र इत्यादी मूलद्रव्यांचा वर्ग त्याने सूचित होतो. ‘जीवनसत्त्व’ हा त्यामानाने अर्वाचीन, घडविलेला शब्द होय. कर्करोगावरील औषधांच्या संशोधनात हे दोन्ही शब्द एकत्र आले असल्यामुळे त्यांच्या अर्थच्छटा तपासून घेणे अगत्याचे आहे.

प्लॅटिनमचे एक संयुग मिकेले पेरोने यांनी १८४५ मध्ये प्रसिद्ध केले. त्याचा औषधी गुण मात्र शतकाहून अधिक काळ अज्ञात राहिला. बार्नेट रोझेनबर्ग आणि त्यांचे सहकारी अमेरिकेतील मिशिगन राज्य विद्यापीठात जिवाणूंवरील विद्युत्प्रवाहाचा परिणाम अभ्यासत होते. जिवाणू लांबत जातात, पण त्यांचे विभाजन होत नाही, असे त्यांना आढळले व १९६५ मध्ये त्यांनी ते प्रसिद्ध केले. याचे कारण वीज नसून प्लॅटिनमच्या विद्युदग्रांपासून निर्माण झालेली संयुगे हे होते. त्यातूनच पेरोने यांचे संयुग ‘सिस्प्लॅटिन’ या नावाने पुढे आले व १९७८ मध्ये अमेरिकेत त्यास मान्यता मिळाली. ते पेशीतील डीएनएला जखडते. परंतु मूत्रपिंड, मज्जातंतू व श्रवणशक्ती यांनाही इजा पोहोचविते.

हा दोष कमी करण्यासाठी जीवनसत्त्वांचा विचार पुढे आला. वेगाने विभागणाऱ्या पेशींना फॉलिक आम्ल, ब-१२ यांसारख्या द्रव्यांची गरज अधिक असते आणि काही अर्बुदांच्या पेशींवर ती आत घेणारे ग्राही विपुल असतात. तेव्हा धातुसंयुग जीवनसत्त्वाला जोडल्यास ते त्या पेशींत अधिक प्रमाणात पोहोचावे, अशी ही कल्पना. येथे दोन्ही शब्दांतील अंतरही मिटते. कारण ब-१२ च्या केंद्रस्थानी कोबाल्ट हा धातूच आहे. या रेणूची रचना डोरोथी हॉजकिन यांनी १९५६ मध्ये उलगडली. झुरिच येथे रॉजर आल्बेर्टो यांच्या गटाने याच कोबाल्टशी सायनाइडच्या दुव्याने प्लॅटिनम जोडून पाहिले आहे.

काझिमिर फुंक यांनी १९१२ मध्ये योजलेल्या मूळ शब्दात ‘जीवन’ आणि ‘अमाइन’ ही दोन पदे होती. ही सर्व द्रव्ये अमाइन नाहीत हे कळल्यावर १९२० मध्ये जॅक ड्रमंड यांनी त्याचे अंत्याक्षर गाळले. मराठी शब्दाने ही चूक मुळातच टाळली. मात्र ‘सत्त्व’ या पदामुळे निरपवाद हितकारकतेची छटा त्यास चिकटली. प्रस्तुत संशोधनाचा पाया नेमका याच्या उलट आहे. जे देहाला पोषक, ते अर्बुदालाही हवे असते.

या योजनेचे वर्णन करताना लालमहालावरील १६६३ च्या छाप्याचा दृष्टान्त सुचतो. वरातीच्या मिषाने मावळे पुण्यात शिरले, अशी कथा परंपरेने सांगितली जाते. वेषांतरापुरता हा दृष्टान्त चपखल आहे. परंतु तो पुरा पडत नाही. जीवनसत्त्वाचे ग्राही मूत्रपिंडादी निरोगी अवयवांतही असतात. म्हणजे तीच वरात स्वतःच्या गडातही शिरू शकते.

अशी संयुगे मुख्यतः प्रयोगशाळेच्या पायरीवर आहेत. जीवनसत्त्वाच्या गोळ्या वा धातूंची भस्मे सेवन करणे म्हणजे हा उपचार नव्हे. ‘जीवनसत्त्वयुक्त धातुऔषध’ असा शब्दप्रयोग रुग्णाच्या आप्तांच्या वाचनात आल्यास हा भेद सहज पुसला जाईल. म्हणून ‘जीवनसत्त्ववाहित धातुसंयुग’ असे म्हणणे अधिक उचित होय. कारण त्यात जीवनसत्त्व औषध नसून वाहक आहे, हे शब्दातच स्पष्ट होते.