‘समजलं का?’ विचारणं बंद करा: दुकानातल्या संवादाचे पाच मूलभूत नियम



संवादकौशल्य म्हटलं की बऱ्याच जणांच्या डोळ्यांसमोर स्टेजवर माईक धरून बोलणारा माणूस येतो. भाषण, फाडफाड इंग्रजी, कडक इस्त्रीचा शर्ट. मग दुकानदार म्हणतो, "आपल्याला काय करायचंय त्याचं? आपण तर सकाळपासून रात्रीपर्यंत बोलतच असतो की!"

बरोबर आहे, बोलत असतो. पण महिन्याच्या शेवटी एकदा हिशोब मांडून बघा. परत आलेला माल, चुकीच्या साइजचा गेलेला माल, दोनदा मारावी लागलेली डिलिव्हरीची फेरी, आणि "तुम्ही असं म्हणालाच नव्हता" या एका वाक्यावर अडकलेलं पेमेंट. यातले बरेच पैसे बोलण्या-ऐकण्यातल्या गोंधळात जातात. हा खर्च कुठल्याच वहीत लिहिलेला नसतो, म्हणून तो दिसत नाही.

व्हिडिओत वेळ कमी पडतो, म्हणून इथे सविस्तर लिहितोय. माझं हार्डवेअर आणि रंगाचं दुकान आहे, त्यामुळे उदाहरणं तिथलीच देणार. तुमचं किराणा, कापड, मेडिकल काहीही असो, नियम तेच लागू होतात.

आधी पाया: संवाद पूर्ण कधी होतो?

बीबीएला असताना कम्युनिकेशनच्या पेपरात एक आकृती हमखास यायची. १९४८ साली अमेरिकेतल्या बेल लॅब्जमध्ये काम करणारे गणितज्ञ क्लॉड शॅनन यांनी संदेशवहनाचा सिद्धांत मांडला. त्यात संदेशाचा उगम, पाठवणारं यंत्र, मधली वाहिनी, घेणारं यंत्र आणि संदेश पोहोचण्याचं ठिकाण असे भाग होते, आणि वाटेत घुसणारा ‘नॉइज’, म्हणजे व्यत्यय. शॅनन टेलिफोन आणि तारेच्या संदेशांबद्दल बोलत होते. पुढच्या अभ्यासकांनी ती आकृती माणसांच्या बोलण्याला लावली आणि तिच्यात एक महत्त्वाची गोष्ट जोडली: फीडबॅक, म्हणजे ऐकणाऱ्याकडून परत येणारा प्रतिसाद.

आता हीच आकृती आपल्या काउंटरवर लावा. गिऱ्हाईक बोलतंय, बाहेर टेम्पोचा हॉर्न वाजतोय, शेजारी पाइप कापायचा आवाज, तुमच्या हातात मोबाइल, आणि गिऱ्हाइकाला घाई. व्यत्यय पूर्ण जाणार नाहीच. मग आपल्या हातात काय उरतं? फीडबॅक.

म्हणून आजची मुख्य गोष्ट ही: तुम्ही बोललात म्हणजे संवाद झाला असं नाही. समोरच्याला काय समजलं हे तुमच्या कानावर परत आलं, तेव्हा तो झाला. खालचे पाचही नियम यातूनच निघालेत.

नियम १: शब्दांना कमी लेखू नका

ट्रेनिंगमध्ये तुम्ही ऐकलं असेल की संवादात शब्दांचा वाटा फक्त ७ टक्के, आवाजाचा ३८ टक्के आणि देहबोलीचा ५५ टक्के. हे आकडे अल्बर्ट मेहराबियन या मानसशास्त्रज्ञांच्या १९६७ सालच्या प्रयोगांवरून आलेत. पण ते प्रयोग भावनांबद्दल होते. माणूस बोलतो एक आणि त्याचा चेहरा, आवाज सांगतो दुसरं, अशा वेळी ऐकणारा त्याची आवड-नावड कशावरून ओळखतो, एवढाच तो प्रश्न होता. प्रत्येक संवादाला ते लागू नाहीत, हे खुद्द मेहराबियन यांनीही स्पष्ट केलंय.

आपल्याला यातून काय घ्यायचं? गिऱ्हाइकाचं स्वागत करताना, तक्रार ऐकताना चेहरा आणि आवाज फार महत्त्वाचे. पण भाव, माप, नग, तारीख सांगताना शब्दच सगळं काम करतात. "वीस लिटरची बादली" हे हसून सांगितलं काय आणि रागावून सांगितलं काय, बादली वीस लिटरचीच असते.

नियम २: दोन अर्थ निघतील असा शब्द तिथेच पकडा

आपल्या मराठीतच असे सापळे भरपूर आहेत.

"परवा" म्हणजे होऊन गेलेला परवा की येणारा? "परवा माल सांगितलाय" आणि "परवा माल सांगतो" यात फोनवर एक अक्षर गाळलं गेलं की गोंधळ झालाच. म्हणून दिवस सांगताना वार आणि तारीख दोन्ही बोला: "गुरुवारी, १४ तारखेला."

आकड्यांचं तर विचारू नका. एकोणसाठ आणि एकोणसत्तर, सदतीस आणि सदुसष्ट, एकोणऐंशी आणि एकोणनव्वद. गर्दीत हे एकसारखेच ऐकू येतात. २०१९ साली बालभारतीच्या दुसरीच्या गणिताच्या पुस्तकात ‘एकवीस’बरोबर ‘वीस एक’ अशीही वाचायची पद्धत दिली, तेव्हा राज्यभर वाद झाला. वाद बाजूला ठेवा, पण मराठी आकडे कानाला अवघड जातात हे काउंटरवर रोज दिसतं. उपाय सोपा आहे, आकडा दोनदा बोला, एकदा शब्दात आणि एकदा सुटा: "एकोणसाठ, पाच-नऊ."

मापांचंही तेच. जुने मिस्त्री अजून सुतात बोलतात. आठ सूत म्हणजे एक इंच. प्लंबर "पाऊणची एल्बो" मागतो, म्हणजे पाऊण इंची, आणि इंग्रजी माध्यमातून आलेल्या पोराला ‘पाऊण’ म्हणजे किती हेच माहीत नसतं. लाइट-पंख्याच्या लाइनला साधारण दीडची वायर लागते, पॉवर पॉइंटला अडीचची किंवा त्याहून जाड. ‘दीड’ आणि ‘अडीच’ यात गोंधळ होऊन गिझरच्या लाइनला बारीक वायर गेली तर ती तापते. इथे प्रश्न फक्त रिटर्नचा राहत नाही, कुणाच्या तरी घराचा होतो.

तुमच्या धंद्यातले असे दहा शब्द आजच कागदावर काढा आणि नव्या पोराला पहिल्याच दिवशी तो कागद द्या.

नियम ३: भाव सांगायच्या आधी एक उघडा प्रश्न विचारा

"पांढरा रंग द्या." आपण लगेच डबा काढतो. पण हा रंग घराच्या आत लावायचाय की बाहेर? भिंतीला ओल आहे का? नवीन प्लास्टर आहे की जुन्या रंगावर मारायचाय?

ज्या प्रश्नाला हो-नाही एवढंच उत्तर येतं तो बंद प्रश्न. ज्यात समोरच्याला दोन वाक्यं बोलावी लागतात तो उघडा प्रश्न. "आतला पाहिजे ना?" हा बंद प्रश्न, आणि त्यात उत्तरही आपणच भरवलंय. "कुठे वापरायचाय, जरा सांगा" हा उघडा प्रश्न. गिऱ्हाईक बोलायला लागलं की मध्ये तोडू नका. मोबाइल पालथा ठेवा. त्याची दोन वाक्यं पूर्ण होऊ द्या, मग पुढचा प्रश्न. एवढ्याने चुकीचा माल जायची शक्यता खूप कमी होते, आणि गिऱ्हाइकाला वाटतं, हा माणूस नुसता विकत नाही, आपलं काम समजून घेतोय.

नियम ४: परत बोलून घ्या

हा सगळ्यात महत्त्वाचा नियम, म्हणून एक मोठं उदाहरण देतो.

२७ मार्च १९७७. स्पेनच्या कॅनरी बेटांपैकी तेनेरिफवरचा लोस रोदेओस विमानतळ. दाट धुकं. धावपट्टीवर दोन बोइंग ७४७ विमानं, एक केएलएमचं, एक पॅन अॅमचं. केएलएमच्या पायलटने टॉवरला इंग्रजीत जे कळवलं, त्याचे दोन अर्थ निघत होते: आम्ही टेकऑफच्या जागेवर उभे आहोत, किंवा आम्ही टेकऑफ करतोय. कंट्रोलरने पहिला अर्थ घेतला आणि "ओके" म्हटलं. त्याच्या पुढची ‘थांबा, मी सांगतो’ अशी सूचना रेडिओवर नीट पोहोचलीच नाही, कारण त्याच क्षणी पॅन अॅमचे पायलटही बोलत होते. केएलएमचं विमान परवानगी नसताना धावलं आणि समोरच्या विमानावर आदळलं. ५८३ माणसं गेली. विमानवाहतुकीच्या इतिहासातला हा सर्वाधिक बळींचा अपघात आहे.

कारणं अनेक होती, पण त्यातलं एक हे की ‘ओके’ या शब्दाचा दोन डोक्यांत वेगळा अर्थ होता. त्यानंतर विमानसेवेने बोलण्याचे नियम कडक केले. ‘टेकऑफ’ हा शब्द प्रत्यक्ष परवानगी देताना किंवा रद्द करतानाच वापरायचा. आणि महत्त्वाच्या सूचनेला नुसतं ‘ओके’ चालणार नाही, पायलटने सूचना परत बोलून दाखवायची. चूक असेल तर कंट्रोलर तिथेच सुधारतो. दवाखान्यातही हीच पद्धत वापरतात. गोळ्या कशा घ्यायच्या ते पेशंटकडून स्वतःच्या शब्दांत वदवून घेतात, त्याला ‘टीच-बॅक’ म्हणतात.

आता आपल्या दुकानात बघा. टिंटिंग मशीनवर शेड मिक्स झाली की तो डबा परत जात नाही. ना कंपनी घेत, ना दुसरं गिऱ्हाईक घेत. म्हणून मशीन चालू करायच्या आधी दहा सेकंद थांबायचं:

"काका, परत एकदा बोलतो हं. बाहेरच्या भिंतीसाठी, शेड नंबर हा, चार लिटरचे दोन डबे. मिक्स झाल्यावर परत घेता येत नाही. चालू करू?"

फोनवरच्या ऑर्डरला:

"दादा, लिहून घेतलंय, वाचून दाखवतो. अडीचची वायर, लाल दोन कॉइल, काळी दोन. गुरुवारी १४ तारखेला, साइटवर. बरोबर?"

आणि कामगाराला सांगताना "समजलं का?" हा प्रश्न बंदच करून टाका. मालकाने विचारलं तर पोरगा "हो शेठ" म्हणणारच. नाही समजलं म्हणायला त्याला लाज वाटते किंवा भीती वाटते. त्याऐवजी असं म्हणा:

"मी घाईत सांगितलं, काही राहिलं का बघू. काय काय न्यायचंय, सांग बरं एकदा."

यात परीक्षा त्याची नाही, तुमच्या सांगण्याची आहे. त्यामुळे पोरगा मोकळेपणाने बोलतो. आणि तो चुकलाच तर ओरडू नका. एकदा ओरडलात की पुढच्या वेळी तो पुन्हा "हो शेठ" वर येईल.

नियम ५: उधारीत ‘बघू’ला तारीख लावा

आता सगळ्यात नाजूक जागा. उधारी मागायची आणि नातंही ठेवायचं. आपण मागतो, "अण्णा, जरा बघा की आपलं." ते म्हणतात, "हो हो, करतो." दोघंही समाधानी, आणि महिनाभर काहीच घडत नाही. कारण रक्कम बोलली गेली नाही, तारीख ठरली नाही. अण्णांच्या मते ‘करतो’ म्हणजे बिल निघाल्यावर. तुमच्या मते सोमवारी.

इथे चार गोष्टी लागतात:

१. चारचौघांत मागू नका. दुसरं गिऱ्हाईक उभं असताना मागितलेले पैसे वसूल होतील, पण माणूस तुटेल.

२. नेमकी रक्कम सांगा: "अण्णा, मागचे १८,४०० राहिलेत."

३. तारीख त्यांनाच ठरवू द्या: "तुम्हाला कधी जमेल? सगळे नाही तर किती?" स्वतःच्या तोंडून निघालेली तारीख माणूस जास्त पाळतो.

४. परत बोला आणि त्यांच्यासमोर लिहा: "म्हणजे २० तारखेला १०,०००, उरलेले ५ तारखेला. लिहून ठेवतो, आणि व्हॉट्सअॅपवरही टाकतो, म्हणजे दोघांच्याही लक्षात राहील."

‘दोघांच्याही’ हा शब्द विसरू नका. त्यामुळे मेसेज नोटिशीसारखा वाटत नाही. आणि २० तारखेला फोन करताना तुम्हाला अवघडायला होत नाही, कारण तुम्ही त्यांचंच बोलणं त्यांना आठवण करून देताय.

या आठवड्याचा होमवर्क

काउंटरवर एक छोटी वही ठेवा. सात दिवस, बोलण्या-ऐकण्यातल्या गोंधळामुळे काही परत आलं, चुकलं किंवा अडकलं की एक ओळ लिहा: काय बोललं गेलं, काय समजलं गेलं, किती रुपये गेले. दोष कुणाचा, ते लिहू नका.

आठव्या दिवशी ती ओळ-ओळ वाचा. एकच शब्द, एकच वेळ किंवा एकच माणूस पुन्हापुन्हा दिसेल. संध्याकाळी सहा ते आठची गर्दी असेल, किंवा फोनवरच्या ऑर्डरी असतील. पाचही नियम एकदम लावायला जाऊ नका. जिथे जास्त पैसे जाताहेत तिथे फक्त ‘परत बोलून घ्या’ एवढंच सुरू करा.

सुरुवातीला गिऱ्हाईक म्हणेल, "अहो, सांगितलं ना एकदा!" तेव्हा हसून एवढंच म्हणा, "तुम्ही बरोबरच सांगितलंत, मी बरोबर ऐकलं का ते बघतोय." याच्यावर चिडलेलं गिऱ्हाईक मी तरी अजून पाहिलेलं नाही.

चला तर मग, वही आजच काढा. भेटूया पुढच्या धड्यात, विषय असेल चिडलेलं गिऱ्हाईक आणि तक्रार ऐकण्याची पद्धत. तोपर्यंत धंदा जोरात चालू द्या!