वाटाड्या कुत्र्याचा खर्च कोणीं द्यावा ?

‘आंधळ्याची काठी’ हा शब्दप्रयोग आपल्या भाषेंत सर्वांच्या परिचयाचा आहे. काठी ही निर्जीव वस्तु. ती एकदां विकत घेतली म्हणजे तिला खावयास घालावें लागत नाहीं, कीं आजारीपणांत वैद्याकडे न्यावें लागत नाहीं. परंतु हीच काठी सजीव असली तर ? पाश्चात्य देशांत कित्येक अंध स्त्रीपुरुष शिकविलेल्या कुत्र्याच्या साहाय्यानें हिंडतात फिरतात, हें विद्यार्थ्यांनीं चित्रांत पाहिलें असेल. असा कुत्रा तयार करण्यास पुष्कळ द्रव्य लागतें. तें दात्यानें द्यावें, सरकारनें द्यावें, कीं त्या अंध मनुष्यानें स्वतः द्यावें, या प्रश्नाचा येथें थोडा विचार करूं.

प्रथम कुत्र्यास काय शिकवितात तें पाहूं. पिल्लू सुमारें एक वर्ष एखाद्या कुटुंबांत वाढवितात; तेथें त्याला माणसांची, गर्दीची व वाहनांच्या आवाजाची संवय होते. मग शिक्षक त्याला हातीं घेतो. पायरी आली कीं थांबणें, रस्त्याची कड आली कीं थांबणें, खांब व खड्डा टाळून जाणें, इतकेंच नव्हे तर माणसाच्या डोक्याच्या उंचीवर आडवी आलेली फांदीहि टाळणें, हें सर्व त्याला शिकावें लागतें. कारण कुत्रा स्वतः फांदीखालून सहज जाईल, पण धन्याचें कपाळ फुटेल! कुत्रा रस्ता ठरवितो असें पुष्कळांस वाटतें, पण तें खरें नव्हे. कोठें वळावयाचें हें मनुष्य ठरवितो. चौकांतील दिव्याचा रंगहि कुत्रा वाचीत नाहीं; वाहनांच्या आवाजावरून निर्णय करून मनुष्यच आज्ञा देतो. मात्र आज्ञा दिल्यावर समोरून मोटार येत असेल, तर कुत्रा ती आज्ञा मोडतो व जागचा हालत नाहीं. आज्ञापालनाचे पाठ आम्ही वर्गांत नित्य देतों. पण आज्ञा केव्हां मोडावी हें शिकविणें किती कठीण आहे तें शिक्षकासच ठाऊक. शेवटीं मनुष्य व कुत्रा यांस कांहीं आठवडे एकत्र शिकवावें लागतें. एवढा खटाटोप करून कुत्रा काम करतो तीं वर्षें साधारणतः आठ. मग दुसरा कुत्रा पाहावा लागतो.

या विद्येची पहिली व्यवस्थित शाळा जर्मनींत ओल्डेनबुर्ग येथें १९१६ सालीं निघाली. पहिलें महायुद्ध चालू होतें, आणि दृष्टि गमावलेले तरुण सैनिक इस्पितळांत येत होते. डॉ. गेरहार्ड स्टालिंग यांनीं आपला कुत्रा एका अंध रुग्णापाशीं ठेवला व ते क्षणभर दुसरीकडे गेले. परत येऊन पाहतात तों कुत्रा त्या रुग्णाला जणूं सांभाळीत होता, अशी कथा सांगतात. ती खरी असो वा नसो, शाळा मात्र खरी. देशासाठीं ज्याचे डोळे गेले त्याला देशानें वाट दाखविणारा द्यावा, यांत कोणास वाद घालावयास जागा नव्हती. दुसऱ्या महायुद्धानंतर १९५० सालीं पश्चिम जर्मनीनें युद्धपीडितांसाठीं कायदा केला. त्यांत अंध झालेल्यास कुत्र्याच्या पोषणासाठीं दरमहा ठराविक रक्कम देण्याची तरतूद होती.

पण जो रणांगणावर गेलाच नाहीं, जन्मतःच अंध आहे, किंवा एखाद्या अपघातानें अंध झाला, त्याचें काय ? अमेरिकेनें याचें उत्तर निराळ्या रीतीनें दिलें. डोरोथी युस्टिस या अमेरिकन बाईंनीं जर्मनींत पॉट्सडॅम येथील शाळा पाहिली व १९२७ सालीं तिच्याविषयीं लेख लिहिला. तो नॅशव्हिल गांवच्या मॉरिस फ्रँक नांवाच्या अंध तरुणाला त्याच्या वडिलांनीं वाचून दाखविला. त्यानें बाईंस पत्र धाडलें, स्वित्झर्लंडांत त्यांच्याकडे जाऊन शिक्षण घेतलें, आणि १९२८ च्या जूनमध्यें ‘बडी’ नांवाच्या कुत्रीसह तो न्यूयॉर्कला उतरला. वार्ताहरांच्या देखत त्यानें तेथील वाहनांनीं गजबजलेला वेस्ट स्ट्रीट ओलांडला, व बाईंस एकाच शब्दाची तार केली : ‘यश’. पुढील वर्षीं दोघांनीं मिळून ‘दी सीइंग आय’ ही संस्था स्थापिली. ती लोकांच्या देणग्यांवर चालते. तरी प्रत्येक विद्यार्थ्याकडून पहिल्या कुत्र्याबद्दल १५० डॉलर घेते, आणि ते हप्त्यानें दिले तरी चालतात. खऱ्या खर्चाच्या मानानें ही रक्कम अगदींच अल्प. पण ती कित्येक दशकें वाढविलेलीहि नाहीं व सोडूनहि दिलेली नाहीं. सैन्यांतील माणसांस तर एकच डॉलर पडतो. पैसे दिलेल्याला ‘हा कुत्रा माझा आहे, मला कोणीं भीक घातलेली नाहीं’ असें म्हणतां यावें, हा त्यांतील हेतु. हा विचार आम्हांस फार थोर वाटतो. तथापि त्यांतील उणीवहि दिसते : दात्याचा हात आंखडला तर शाळा बंद.

जर्मनींत पुढें निराळा विचार रूढ झाला. आपल्या देशांतहि १९८१ पासून अपंगांस साधनें देण्याची केंद्र सरकारची योजना आहे. तींतून तीनचाकी सायकल, श्रवणयंत्र, अंधांची काठी इत्यादि वस्तु मिळतात. ‘साधन’ हा शब्द पालकांस त्यावरून कळेल. जर्मन आरोग्यविम्याच्या नियमांत वाटाड्या कुत्रा हा असाच एक साधन गणला जातो. नेत्रवैद्यानें चिठ्ठी द्यावी, विमासंस्थेनें चौकशी करावी, आणि मंजुरी मिळाल्यास कुत्र्याची किंमत, दोघांचें शिक्षण, अन्न व पशुवैद्य यांचा खर्च विम्यांतून चालावा, अशी ही रीत आहे. कुत्र्याची मालकी बहुधा विमासंस्थेकडेच राहते. जिवंत प्राण्यास चष्म्याच्या व कुबडीच्या पंक्तीस बसविणें कोणास रुक्ष वाटेल. आम्हांस तसें वाटत नाहीं. त्या एका शब्दामुळें अंध मनुष्य याचक राहत नाहीं. संस्था ‘काठी पुरेशी आहे’ म्हणून नकार देऊं लागली, तर तो तिला न्यायालयांत नेऊं शकतो, व कित्येकांनीं तसें केलेंहि आहे.

परंतु हें सुख सर्वांच्या वांट्यास आलें नाहीं. अलीकडे बहिऱ्यांस दाराची घंटा वाजल्याचें कळविणारे, चाकांच्या खुर्चींत बसणाऱ्यास पडलेली वस्तु उचलून देणारे कुत्रेहि तयार करतात. जर्मन विमा मुख्यतः अंधांच्याच कुत्र्याचा खर्च देत आला. इतरांस स्वतःची गांठ सोडावी लागे किंवा देणग्या गोळा कराव्या लागत. १९१६ सालीं ज्या अडचणींत अंध सैनिक होता, तिच्यांतच हे लोक शंभर वर्षांनंतरहि राहिले. १ जुलै २०२१ पासून तेथें नवा कायदा अंमलांत आला. शिकविलेल्या मदतनीस कुत्र्यासह आलेल्या अपंगास दुकान, दवाखाना, उपाहारगृह यांचें दार बंद करतां येत नाहीं. खर्चाची सार्वत्रिक हमी मात्र त्या कायद्यानें दिली नाहीं. मनुष्य व कुत्रा यांच्या फार तर शंभर जोड्या निवडून, त्यांचा खर्च सरकारनें सोसून, अशा कुत्र्यांचा उपयोग किती होतो याची पाहणी करावी, एवढेंच त्यांत ठरलें.