रेट्रोत बोललेलं पुढे जातं कुठे?

हिंजवडीतल्या एका टीममध्ये मी होतो तेव्हा दर दुसऱ्या शुक्रवारी रेट्रो, म्हणजे संपलेल्या स्प्रिंटच्या (कामाच्या टप्प्याच्या) आढाव्याची बैठक, व्हायची आणि बोर्डावर दर वेळी तीच चिठ्ठी लागायची : ‘टेस्ट सर्व्हर बंद पडतो.’ सगळे माना डोलवायचे. सोमवारी नव्या स्प्रिंटच्या यादीत मात्र त्याचा मागमूसही नसायचा.

एकदा आमच्या टेस्टरने स्पष्टच विचारलं, “बिल्ड संध्याकाळी सातला हातात येतं, मग तपासायचं कधी?” मॅनेजरने लगेच टोकलं, “उशीर कुणामुळे होतो? नाव सांग.” तिने नाव घेतलं नाही. पुढे तिच्या चिठ्ठीवर ‘सगळं छान’ एवढंच असायचं. बिल्ड सातलाच येत राहिलं आणि एका रिलीजमध्ये पेमेंटचा बग थेट ग्राहकापर्यंत पोचला. तिला पुरेसा वेळ मिळाला असता तर तो तिच्या नजरेतून सुटला नसता, याची मला खात्री आहे.

म्हणून नव्या टीम लीडना कळकळीने सांगतो, नाव विचारू नका. नॉर्मन कर्थ यांनी २००१च्या ‘प्रोजेक्ट रेट्रोस्पेक्टिव्ह्ज’ या पुस्तकात हाच पाया घातला : त्या वेळची माहिती, कौशल्य आणि साधनं पाहता प्रत्येकाने जमेल तितकं चांगलंच काम केलं, असं मानून बोलायला बसायचं. ज्यांच्या हातात अप्रेझल आहे, त्यांना सुरुवातीच्या काही रेट्रोंना न येण्याची विनंती करा. क्लायंटकडचं कुणी कॉलवर असेल तर माणसं गोडच बोलणार, तेही टाळा.

आधी पाचेक मिनिटं सगळ्यांनी गुपचूप लिहायचं, म्हणजे नवखी मुलंही मोकळी होतात. मग काय घडलं ते तारखा-वेळांसकट मांडा : कोड कधी मर्ज झाला, बिल्ड कधी आलं. ‘का’ त्यानंतर. रेट्रोवर लिहिणाऱ्या एस्थर डर्बी आणि डायना लार्सन यांनीही हाच क्रम सांगितला आहे. घाईत सगळ्यात आधी तोच मोडतो, म्हणून पुरेसा वेळ ठेवा. महिन्याच्या स्प्रिंटला स्क्रम गाइड जास्तीत जास्त तीन तास देतं, दोन आठवड्यांच्या स्प्रिंटला तास-दीड तास पुष्कळ झाला.

शेवटी एकच गोष्ट निवडा. ‘संवाद सुधारू’ हे काम नव्हे. ‘बिल्ड दुपारी तीनच्या आत’ हे काम. त्याचं जिरा तिकीट तिथेच काढा, एकाच्या नावावर टाका, पुढच्या स्प्रिंटमध्ये त्यासाठी वेळ धरा. पुढची रेट्रो त्याच तिकिटापासून सुरू करा. ते अडलेलं असेल, तर ते का अडलं हे कळेपर्यंत नवी चिठ्ठी लावू नका.