रंगांचे संकेत व सोळाचा पाढा

सोलापुरी चादरीचा नमुना संगणकावर रेखाटताना रंगाचे नुसते नाव पुरत नाही, अंक लागतात. तांबडा, हिरवा व निळा या प्रत्येक प्रकाशास दोन स्थाने असून मोजणी सोळाच्या पटीत होते. दहा ते पंधरा यांकरिता ए ते एफ ही अक्षरे योजतात. १९५७ पूर्वीचे रुपये-आणे येथे पुन्हा कामी येतात : पहिले स्थान रुपयांचे, दुसरे आण्यांचे. ‘ऑरेंज’ अर्थात नारिंगी म्हणजे एफएफ-ए५-००. पैकी ए५ म्हणजे १० रुपये ५ आणे, १६५ आणे. एफएफ म्हणजे २५५, ही कमाल मर्यादा.

नावाने मात्र फसगत होते. ‘ग्रे’ ८०-८०-८०, प्रत्येकी १२८. ‘डार्क ग्रे’ ए९-ए९-ए९, प्रत्येकी १६९, म्हणजे नावाने गडद असूनही अधिक फिका! अंक वाढला की प्रकाश वाढतो, हे मुलांना फळ्यावरील हिशेबातून स्वतःच शोधू द्यावे.